राक्षसाचे चरित्र आणि राक्षसाचा तक्ता

जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढे ‘बेवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यावर जे व्याख्यान दिले, त्याचा रोख तत्कालीन समीक्षकांवर होता. काव्यातील इतिहास, भाषा आणि जमातींची नावे यांचा धांडोळा घेणाऱ्या या विद्वानांना ग्रेंडेल, त्याची आई आणि अखेरचा ड्रॅगन हे तीन दैत्य म्हणजे एरवी गंभीर असलेल्या काव्याला लागलेले बालिश गालबोट वाटत असे. टोल्किन यांनी हे मत साफ नाकारले आणि दैत्यांना काव्याच्या केंद्रस्थानी आणून बसवले. गंमत अशी की, दैत्याला समीक्षेच्या दरबारात मानाचे आसन मिळवून देणाऱ्या याच लेखकाच्या कल्पसृष्टीतून बरेच काही उचलून पुढे अमेरिकेत एक खेळ उभा राहिला. त्यात दैत्यांची संख्या शेकड्यांनी वाढली. त्यांच्याविषयी विचारण्याजोगा प्रश्न मात्र बहुधा एकच उरला: हा किती घावांत मरतो?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहान गावातून प्रसिद्ध केला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका साहसवीराची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपली कृती सांगतात आणि तिचे फलित फासे टाकून ठरते. संगणकावरील बहुतेक अद्भुतरम्य खेळांचे मूळ या बैठ्या, तोंडी खेळात आहे. १९७७ मध्ये त्याच्या नव्या, विस्तृत रूपासाठी ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा ग्रंथ निघाला. साडेतीनशेहून अधिक प्राणी आणि दैत्य, इंग्रजी वर्णानुक्रम, आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक तक्ता. हा प्राणी किती वारंवार आढळतो, एका वेळी किती आढळतात, त्याचा कवचांक किती, गती किती, प्राणबळाचे फासे किती, एका घावाने तो किती इजा करतो, त्याच्या गुहेत कोणत्या प्रकारचे धन सापडते, त्याची बुद्धी कितपत, त्याचा नैतिक कल कोणता. हे सारे सांगून झाल्यावर मग परिच्छेदभर वर्णन.

या ग्रंथात ‘राक्षस’ अशी एक नोंद आहे आणि हा शब्द संस्कृतातूनच उचललेला आहे. कवचांक उणे ४ (त्या पद्धतीत अंक जितका खाली तितके कवच अभेद्य, हा एक चमत्कारिक हिशेब), प्राणबळ ७ फाशांचे, नैतिक कल ‘नियमनिष्ठ दुष्ट’. हा राक्षस प्रथम भारतात आढळला आणि आता अन्यत्र पसरत आहे, अशी माहिती तेथे मिळते. तो नरमांसभक्षक आहे, समोरच्याच्या मनातले ओळखून त्याच्या विश्वासातील माणसाचे रूप घेतो, सामान्य मंत्र त्याला बाधत नाहीत. मात्र धर्मगुरूने अभिमंत्रित केलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. डेव्ह ट्रॅम्पियर यांच्या चित्रात तो वाघाच्या तोंडाचा, उंची झगा ल्यालेला आणि चिलीम ओढणारा असा दिसतो. वाल्मीकीच्या वाचकाला हा बाण कोठून आला असा प्रश्न पडेल. १९७४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या मालिकेच्या एका भागात विश्वासू माणसाचे रूप घेणारा राक्षस आणि त्याला मारणारा अभिमंत्रित बाण अशी दोन्ही सामग्री एकत्र आलेली आहे. तेथून ती या ग्रंथात आली हे उघड दिसते. एका संध्याकाळच्या कार्यक्रमातील क्लृप्ती अशा रीतीने एका प्राचीन योनीचा स्वभावधर्म बनली. तिचे अवशेष २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत टिकून राहिले: तेथेही सज्जनाच्या हातातील टोकदार मंतरलेले शस्त्र राक्षसाला अधिक जिव्हारी लागते.

आता हाच राक्षस कथेत कसा आहे, ते पाहावे. रामायणाच्या उत्तरकांडात त्याच्या नावाची उपपत्ती येते. ब्रह्मदेवाने जल निर्माण केले आणि त्याच्या संरक्षणासाठी प्राणी निर्माण केले. त्यांपैकी ज्यांनी ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हटले ते राक्षस झाले. म्हणजे राक्षस या शब्दाच्या गाभ्यातच एक जबाबदारी आहे, मग ती त्याने पाळलेली असो वा मोडलेली असो. अमरकोशात राक्षसाचे पर्याय दिले आहेत. त्यांत ‘क्रव्याद’ म्हणजे मांसभक्षक आहे, ‘अस्रप’ म्हणजे रक्त पिणारा आहे, आणि त्याच ओळीच्या शेजारी ‘पुण्यजन’ हाही आहे. शिवाय राक्षसांची गणना तेथे विद्याधर, अप्सरा, गंधर्व यांच्याबरोबर देवयोनींत केलेली आहे. कोश म्हटला की वर्गीकरण आणि सपाटीकरण अटळच असते, अशी सबब ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या बाजूने कोणी पुढे करील तर त्याला हे उदाहरण दाखवता येईल. कोशालाही विसंगती पोटात ठेवता येते.

कथेत तर राक्षसाला चरित्रच असते. एकचक्रा नगरीच्या बकासुराचा गावाशी करार आहे: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस हे त्याचे वेतन, आणि त्याच्या मोबदल्यात परचक्रापासून त्या प्रदेशाचे रक्षण. त्या गावच्या राजाला जे जमत नाही ते हा नरभक्षक करतो, ही महाभारतातील कडवट राजकीय जाण आहे. हिडिंबा राक्षसी असून पांडवांची पहिली सून होते. अरण्यकांडातील कबंध हा तर तक्त्यात बसवण्यासाठीच जणू निर्माण झालेला दैत्य आहे: मस्तक नाही, पोटात तोंड, योजनभर लांब हात. राम-लक्ष्मण त्याचे हात तोडतात, येथपर्यंत सारे खेळासारखेच घडते. पण मग तो आपली शापकथा सांगतो, दहन करण्याची विनंती करतो, आणि ज्वाळांतून दिव्य रूप घेऊन सुग्रीवाचा ठिकाणा सांगतो. कबंध बोलला नसता तर रामायण तेथेच अडकले असते. प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांची जी रूपमीमांसा केली तिच्यात खलनायक आणि साहाय्यदाता ही निरनिराळी कार्यक्षेत्रे आहेत, आणि एकच पात्र एकाहून अधिक कार्यक्षेत्रांत वावरू शकते असे त्यांनी नोंदवले आहे. कबंध एका सर्गात पहिला असतो आणि दुसऱ्यात दुसरा होतो. तक्त्याला ही हालचाल दाखवता येत नाही, कारण ‘नैतिक कल’ या रकान्यात एकच शब्द मावतो.

येथवर आल्यावर पाश्चात्त्यांनी भारतीय मिथकांची विटंबना केली, असा निष्कर्ष काढून हात झटकणे सोपे आहे. तसे आक्षेप घेण्याजोगे पुष्कळ आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ या पुस्तकात इंद्र, अग्नी आणि यम यांनाही प्राणांक देण्यात आले आहेत, म्हणजे पुरेसे फासे अनुकूल पडले तर यमही मरावा. (यम मेल्यावर त्याला नेणार कोण, हा प्रश्न पुस्तकात नाही.) तथापि मिथकाच्या शुद्धतेचा आग्रह अभ्यासकाला शोभणारा नाही. राक्षसाचे रूप मराठी मुलखातही सतत पालटत आलेले आहे. दक्षिण कोकणातील दशावतारी खेळाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या पूर्वरंगात, आडदशावतारात, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर येतो. पुराणातला हा घोर असुर येथे काळ्या वेषात मालवणी बोलत, कोट्या करत, प्रेक्षकांची फिरकी घेत वावरतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. उद्या शेजारच्या गावात तो पुन्हा येणार, पुन्हा मरणार. या प्रकाराला मराठीत ‘खेळ’ असेच म्हणतात, आणि संगणकावरील दैत्य मारला तरी पुढल्या खेपेस त्याच जागी पुन्हा उभा राहतो, तसाच हा संकासुरही. पुराणाशी इमान राखण्याच्या दृष्टीने दशावताराने घेतलेली मोकळीक गायगॅक्स यांच्यापेक्षा कमी नाही. फरक एवढाच, पण तो मोठा आहे: संकासुराला वाणी आहे. रात्रभराच्या खेळात सर्वांत मोकळे बोलतो तो तोच, आणि पोरेसोरे वाट पाहत असतात ती त्याचीच.

खेळाच्या प्राणिसृष्टीला स्वत:ची अशी प्रतिभा नाही, असे मात्र समजू नये. ती दिसते ती उसन्या दैत्यांत दिसत नाही, खेळाच्याच मातीत उगवलेल्या प्राण्यांत दिसते. ‘जेलॅटिनस क्यूब’ नावाचा एक प्राणी आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच असा हा पारदर्शक, लिबलिबीत घन भुयारांतून सरकत जातो आणि वाटेत येईल ते पचवतो. निसर्गात चौकोनी प्राणी नसतो. मग हा चौकोनी का? कारण भुयाराचे नकाशे आलेखाच्या कागदावर काढले जात आणि त्यावरचा एक चौकोन दहा फुटांचा धरला जाई. हा प्राणी आलेखाच्या कागदाचा रहिवासी आहे. वाळवंटासाठी उंट तसा या कागदासाठी हा घन. ‘रस्ट मॉन्स्टर’चेही तसेच. त्याच्या स्पर्शाने लोखंड गंजून झडते. तो माणसाला फारशी इजा करत नाही, पण ज्या खेळात वीराची सारी भिस्त चिलखतावर आणि तलवारीवर असते तेथे याच्याइतका भयंकर प्राणी दुसरा नाही. धनाची पेटी होऊन बसणारा ‘मिमिक’ खेळाडूच्या हावेवरच जगतो. भीतीचे हे प्रकार कोणत्याही पुराणात नाहीत. या प्राण्यांच्या जन्मकथाही मोठ्या लोभस आहेत: रस्ट मॉन्स्टर, अर्धे घुबड आणि अर्धे अस्वल असलेला ‘आउलबेअर’, जमिनीखालून झेप घेणारा ‘बुलेट’ यांची रूपे हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून घेतली गेली. ओळखू न येणारी ती जनावरे प्रागैतिहासिक प्राणी म्हणून विकली जात. खेळणाऱ्यांनी त्यांना नावे, सवयी आणि आहार दिला. लोकसाहित्याची निर्मिती याहून निराळी कशी असते, हे सांगणे कठीण आहे.

यावरून एक विचार पुढे मांडता येतो. दैत्य हा कोणत्या तरी भूमीचा असतो. ती भूमी गावाची वेस असेल, एखादे व्रत असेल, एखादा अपुरा राहिलेला संस्कार असेल, अथवा आलेखाचा कागदही असेल. भूमी सुटली की दैत्याचा केवळ सांगाडा उरतो आणि तो भरण्यासाठी मग आकड्यांची आवश्यकता पडते. याचे बोलके उदाहरण युरोपातलेच आहे. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी तारास्कों नावाचे गाव आहे. तेथील आख्यायिकेत तारास्क नावाचा दैत्य नदीकाठी माणसे खात असे. संत मार्था त्याच्यापुढे क्रूस आणि तीर्थ घेऊन गेली. तो मेंढरासारखा शांत झाला. आपल्या कमरबंदाने बांधून तिने त्याला गावात आणले आणि गावकऱ्यांनी त्या निमूट उभ्या असलेल्या प्राण्याला ठार केले. तेराव्या शतकातील संतचरित्रांच्या ‘सुवर्ण आख्यायिका’ या संग्रहात ही कथा आहे. गावाने त्याचेच नाव धारण केले, आजही त्याच्या प्रतिकृतीची मिरवणूक निघते, आणि फ्रान्स-बेल्जियममधील अशा मिरवणुकांना २००५ मध्ये युनेस्कोने मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हाच दैत्य १९८३ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या दुसऱ्या भागात आला तेव्हा त्याला ३०० प्राणांक मिळाले, तो जगात एकमेव ठरला आणि त्याला मारण्याची पद्धत अतिशय किचकट करण्यात आली. मार्था गेली, कमरबंद गेला, गावकऱ्यांचा अपराध गेला. ज्या कथेचे मर्म ‘शरण आलेल्याला मारले’ हे होते, तिच्यातील दैत्य मारण्यास सर्वांत कठीण म्हणून प्रसिद्ध झाला.

तारास्कचे मराठीतील नातलग शोधायचे तर वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाकडे जावे लागते. वेताळ हा भुतांचा राजा. खेळाच्या परिभाषेत त्याची जागा मृतयोनींच्या प्रकरणात लागली असती. आरवलीत तो गावाचा राखणदार आहे. रात्री तो गावात फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. वहाणांची ही झीज म्हणजे दैत्याने गावासाठी केलेल्या श्रमाचा पुरावाच होय. कोणत्या तक्त्यात तिची नोंद कशी करावी?

संगणकाने ही प्रक्रिया वेगाने पुढे नेली. १९८० च्या ‘रोग’ या खेळात पडद्यावर चित्रे नव्हतीच; सव्वीस दैत्यांना इंग्रजीतील सव्वीस मोठी अक्षरे दिलेली होती आणि खेळाडू अक्षराशी लढे. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार मननीय वाटावा. त्यानंतर अक्षरांची चित्रे झाली, चित्रांना हालचाल आली, दैत्यांचा ओघ वाढला. मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मारल्याने अनुभवांक मिळतो आणि अनुभवांकाने पुढच्या दैत्याला मारण्याचे बळ येते, अशी ही साखळी आहे. तिला सतत पुरवठा लागतो तो अशा जिवाचा की, ज्याला मारताना विचार करावा लागू नये. धर्मशास्त्रात ‘वध्य’ कोण याची चर्चा असते, कारण तेथे अपवाद, प्रायश्चित्त आणि संशय यांना जागा असते. खेळाने वध्यतेचा प्रश्न जन्मावरच सोपवून टाकला. टोल्किनकडून आलेला ‘ऑर्क’ हा याचा ठळक नमुना: अख्खी जमातच दुष्ट, तेव्हा तिच्यातील कोणालाही पाहताक्षणी मारावे. (टोल्किन यांना स्वत:ला ऑर्कांच्या उत्पत्तीचा प्रश्न अखेरपर्यंत छळत होता, खेळाला तो छळला नाही.) संपूर्ण समाजाला जन्माने दुष्ट ठरवणे या कल्पनेचे वास्तवातील वंशवादाशी असलेले साम्य बऱ्याच खेळाडूंनाच खटकू लागले. २०२० मध्ये या खेळाच्या प्रकाशकांनी ऑर्क आणि इतर जमातींच्या चित्रणाविषयी फेरविचार करत असल्याचे जाहीर केले आणि २०२५ च्या आरंभी आलेल्या नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधून ऑर्कची स्वतंत्र नोंद वगळण्यात आली. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु नोंद वगळल्याने वध्यतेचा प्रश्न सुटत नाही. तो पुढच्या नोंदीकडे सरकतो. ऑर्कला चरित्र देणे हा दुसरा मार्ग होता आणि तो अधिक कष्टाचा होता.

तो मार्ग खेळाच्या माध्यमात अशक्य आहे काय? तसे दिसत नाही. पोलिश लेखक आंद्जेय साप्कोव्स्की यांच्या कथांवर आधारलेल्या ‘द विचर’ या खेळमालिकेचा तिसरा भाग २०१५ मध्ये आला. त्याचा नायक पैसे घेऊन दैत्य मारणारा धंदेवाईक माणूस आहे, म्हणजे तक्त्याच्या वृत्तीचाच. पण मारण्यापूर्वी त्याला दैत्य कोण होता याची चौकशी करावी लागते. एका विहिरीपाशी भर दुपारी दिसणारी बाईची सावली घावांनी नाहीशी होत नाही. तिला विहिरीशी बांधून ठेवणारे कंकण शोधून ते तिच्या अस्थींसह जाळावे लागते. याच खेळात पुरेशा संस्काराविना पुरलेल्या, नाव न ठेवलेल्या अर्भकाचे भूत आहे. त्याला मारता येते. किंवा बापाने त्याला उचलून, नाव देऊन उंबरठ्याखाली पुरले तर तेच घराचे रक्षण करणारे भूत होते. मराठी वाचकाला येथे मुंजा आठवल्यावाचून राहणार नाही. मुंज झाली, सोडमुंज व्हायची राहिली, तेवढ्यात गेलेला तो मुलगा. पिंपळावर बसून तो जे मागत असतो ते अपुरे राहिलेले आयुष्यच. स्लाव्ह अर्भक आणि मराठी मुंजा यांच्यात कोणताही ऐतिहासिक संबंध दाखवता येणार नाही, आणि तो दाखवण्याची गरजही नाही. दोन्ही ठिकाणी भूत म्हणजे जिवंतांनी न फेडलेले देणे आहे. विशेष म्हणजे हे सारे आकडे, फासे आणि प्राणांक शाबूत ठेवून साधलेले आहे.

म्हणूनच पुण्यातील एका संस्थेने निर्माण केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजी’ या खेळाकडे थोड्या अधिक अपेक्षेने पाहावेसे वाटते. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी डोंबारी मुलगी, पहाडी शैलीची चित्रे, राजस्थानी वास्तू, आणि दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारे कथन: ही योजना संपूर्णपणे भारतीय आख्यानपरंपरेतील आहे आणि तिच्यातील कारागिरी मनापासूनची आहे. देव बोलतात, भाष्य करतात, काळजीही करतात. राजीच्या वाटेत येणारे असुर मात्र बंदिस्त चौकांत लाटांसारखे चालून येतात आणि मुकाट्याने मरतात. म्हणजे नावे, वेष, वास्तू ही सारी सामग्री देशी असूनही असुर ‘मॉन्स्टर मॅन्युअल’चाच राहिला आहे. देशीपणाचा निकष सामग्रीवर लावावा की दैत्याशी असलेल्या नात्यावर लावावा, हा देशीवादाच्या चर्चेत सहसा न आलेला मुद्दा येथे अनायासे उपस्थित होतो.

मराठीत अद्भुताच्या समीक्षेची परंपरा क्षीण आहे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबऱ्यांना वाङ्मयेतिहासात जागा मिळाली ती बहुधा वास्तववादी कादंबरीच्या आधीची अपक्व अवस्था म्हणून. आणि भुताखेतांचे साहित्य लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवून साहित्यसमीक्षा मोकळी झाली. पदव्युत्तर वर्गांत आज येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची अद्भुताशी पहिली भेट पडद्यावरील खेळांतून झालेली असते. कबंध त्यांना नंतर भेटतो, तोही क्वचित. खेळातील एखाद्या दैत्याची नोंद आणि अरण्यकांडातील कबंधाचा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिले, तर कथनमीमांसेतील पात्र आणि कार्य यांच्यातील भेद समजावून सांगण्यासाठी एखाद्या शिक्षकाला प्रॉपचे कोष्टक फळ्यावर काढावे लागणार नाही. कबंध जळता जळता बोलू लागेल, त्या ठिकाणी विद्यार्थी स्वत:च थांबतील.